ताठरलेला हात आणि शॉक वेव्ह : उपचार यंत्राचा, काम घराचे

घरातील कर्ता माणूस पक्षाघाताच्या झटक्यातून वाचून घरी परत येतो, तेव्हा सगळ्या कुटुंबाला सुटकेचा निःश्वास टाकावासा वाटतो. पहिल्या आठवड्यांत बाधित हात अगदी सैल, निर्जीव असतो. मग काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, तोच हात हळूहळू आवळू लागतो. कोपर वाकते, मनगट आत वळते, अंगठा तळव्यात दडतो आणि बोटे त्याच्यावर मिटतात. पायाची टाच जमिनीला टेकेनाशी होते. सदऱ्याची बाही चढविणे, नखे काढणे, तळवा धुणे या रोजच्या साध्या गोष्टीही मग दोघांशिवाय होत नाहीत. अशा वेळी नात्यातील कोणीतरी सांगते, "शॉकची ट्रीटमेंट आहे, चार वेळा दिली की हात मोकळा होतो." आशेने घर उजळते आणि लगोलग प्रश्नही उभे राहतात. हा शॉक म्हणजे काय? वडिलांना तो सोसेल का? आणि हात खरोखरच कामाला येईल का?

हे प्रश्न मोजक्या घरांपुरते नाहीत. डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ आणि २००६ या दोन वर्षांत मुंबईतील सुमारे दीड लाख लोकवस्तीची पक्षाघात-नोंदणी केली. पहिलाच झटका आलेले ४५६ रुग्ण त्यांना आढळले. दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १४५ असे हे प्रमाण पडते. त्यांतील सुमारे तीस टक्के रुग्ण अठ्ठावीस दिवसांच्या आत दगावले, आणि जे वाचले त्यांतील अनेकांच्या वाट्याला मध्यम किंवा तीव्र अपंगत्व आले. जीव वाचविणे हे रुग्णालयाचे काम. त्यानंतरची दीर्घ वाटचाल मात्र माहीम, दादर, गिरगावच्या घरांतूनच होते. अनेकदा ते घर लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीतले असते. म्हणून वाचकहो, या उपचाराकडे आपण आशेने पाहावे आणि डोळसपणेही पाहावे.

ताठरता येते कशी?

आपल्या स्नायूंमध्ये एक उपजत सावधपणा असतो. स्नायू एकाएकी ताणला गेला की तो आपोआप आकुंचन पावतो. निरोगी अवस्थेत मेंदू या प्रतिक्षिप्त क्रियेवर सतत लगाम ठेवतो. पक्षाघातात मेंदूचा तो भाग किंवा त्याकडून येणारे तंतू निकामी होतात आणि लगाम सुटतो. मग हात जितक्या झटक्याने ताणावा तितका तो अधिक प्रतिकार करतो. यालाच वैद्यकात 'स्पॅस्टिसिटी' म्हणतात. सोयीसाठी आपण तिला ताठरता म्हणू.

या ताठरतेत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. एक मज्जातंतूंची अतिउत्तेजना, आणि दुसरी खुद्द स्नायूत होणारा बदल. महिनोन्महिने आखडून राहिलेला स्नायू आखूड होतो, त्याच्या तंतूंमध्ये चिवट संयोजी ऊतक वाढते आणि त्याची लवचीकता जाते. पुढे सांधाही कायमचा जखडतो. ताठरता आणि जखडलेला सांधा या दोन वेगळ्या अवस्था आहेत आणि त्यांचे उपचारही वेगळे आहेत. सावकाश, हळुवारपणे ताणल्यावर बोटे उघडत असतील तर बरेच काही हाती आहे. कितीही सावकाश ताणले तरी ती उघडतच नसतील, तर शॉक वेव्हकडून फार अपेक्षा ठेवू नये.

ताठरता मोजण्यासाठी 'मॉडिफाइड ॲशवर्थ' नावाची मोजपट्टी वापरली जाते. शून्य ते चार अशा तिच्या पायऱ्या आहेत आणि एक व दोन यांच्यामध्ये 'एक अधिक' अशी आणखी एक पायरी १९८७ साली घातली गेली. शून्य म्हणजे प्रतिकार नाही, चार म्हणजे अवयव हलतच नाही. उपचारापूर्वीचा आणि उपचारानंतरचा हा आकडा कुटुंबाने विचारून लिहून ठेवावा. वहीत नोंद नसलेल्या व्यवहाराचा हिशेब लागत नाही. येथेही तेच आहे.

मूतखड्यापासून स्नायूपर्यंत

'शॉक' या शब्दाने प्रथम विजेचा झटका डोळ्यांसमोर येतो आणि वृद्ध रुग्ण धास्तावतो. प्रत्यक्षात या उपचारात शरीरात वीज सोडली जात नाही. शॉक वेव्ह म्हणजे आघातलहर. ती ध्वनिलहरीच्या कुळातली, अत्यंत अल्पकाळ टिकणारी दाबाची लहर असते.

तिचा वैद्यकातील प्रवेश मोठा रंजक आहे. डॉर्निए ही जर्मनीतील विमाने बनविणारी कंपनी. अतिवेगवान विमानांवर पावसाचे थेंब आदळले की धातूत ज्या लहरी उमटतात त्यांचा अभ्यास तेथे चालला होता. त्यातूनच अशी लहर शरीराबाहेरून आत पाठवून मूतखडा फोडण्याची कल्पना पुढे आली. फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिक येथे डॉ. ख्रिश्चन शॉसी यांनी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. पोट न उघडता मूतखडा फोडण्याचा हा उपचार आज आपल्या समाजातही अनेकांच्या परिचयाचा आहे. पुढे कमी शक्तीच्या लहरी टाचेच्या, कोपराच्या आणि खांद्याच्या जुनाट दुखण्यांवर वापरल्या जाऊ लागल्या, आणि तेथून त्या पक्षाघातानंतरच्या ताठर स्नायूकडे वळल्या.

आज यंत्रांचे दोन प्रकार दिसतात. 'फोकस्ड' यंत्रातील लहर भिंगाने एकवटलेल्या उन्हासारखी ठरावीक खोलीवर केंद्रित होते. 'रेडियल' यंत्रात दाबलेल्या हवेने एक छोटी गोळी नळीतून पुढे ढकलली जाते. ती टोकावरील धातूवर आदळते आणि त्या आघाताची लहर त्वचेपासून आत पसरत जाते. शास्त्रीय काटेकोरपणे पाहता रेडियल यंत्रातील लहर ही खरी आघातलहर नसून दाबलहर आहे. फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत सहसा हेच यंत्र आढळते. दोन्ही प्रकार ताठरतेवर वापरून पाहिले गेले आहेत. तेव्हा आपल्या रुग्णासाठी कोणते यंत्र वापरणार, हे विचारण्यात संकोच नसावा.

उपचाराच्या वेळी रुग्णाला आरामात बसवून किंवा निजवून ताठर स्नायूवर पाण्यासारखी जेल लावतात आणि यंत्राचे टोक त्यावर फिरवतात. टकटक असा सलग आवाज येतो आणि ठोके बसल्यासारखे जाणवते. एका वेळी सामान्यतः दीड-दोन हजार किंवा त्याहून अधिक ठोके देतात. काम काही मिनिटांतच उरकते. भूल लागत नाही आणि रुग्ण लगेच घरी जातो. बहुधा आठवड्यातून एकदा, अशा तीन ते पाच खेपा असतात.

अभ्यास काय सांगतात?

या विषयातील पायाभूत अभ्यास इटलीतील व्हेरोना येथील मँगानोट्टी आणि अमेलिओ यांचा आहे. तो २००५ साली 'स्ट्रोक' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी वीस रुग्णांना आधी लटका, म्हणजे लहर नसलेला, उपचार दिला आणि त्यानंतर खरा. लटक्या उपचाराने फरक पडला नाही. खऱ्या उपचारानंतर मनगटाची आणि बोटांची ताठरता स्पष्टपणे उतरली आणि चार आठवड्यांनंतरही ती कमीच होती. बारा आठवड्यांनी पाहता वीसपैकी दहा रुग्णांत गुण टिकून होता.

तैवानमध्ये २०१६ साली साठ रुग्णांवर रेडियल यंत्राचा अभ्यास झाला. एकच खेप घेणाऱ्यांपेक्षा आठवड्याच्या अंतराने तीन खेपा घेणाऱ्यांत गुण अधिक काळ, सोळा आठवड्यांपर्यंत, दिसला. तेथीलच २०१८ सालच्या एका लहान अभ्यासात हाताच्या ताठरतेबाबत शॉक वेव्ह ही बोटुलिनम इंजेक्शनच्या तुलनेत कमी ठरली नाही.

लहर नेमके काय करते, हे पूर्णपणे उलगडलेले नाही. आखडलेल्या स्नायूच्या तंतूंमधील चिवटपणा ती सैल करते, स्थानिक रक्तप्रवाह वाढविते आणि मज्जातंतू जेथे स्नायूला भेटतो तेथील संदेश तात्पुरता मंदावते, अशी मते मांडली गेली आहेत. मेंदूतील इजा मात्र ती बरी करीत नाही.

आता या सर्व विवेचनातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ताठरता उतरते याविषयी पुरावा बऱ्यापैकी आहे. हात पुन्हा काम करू लागतो याविषयीचा पुरावा त्या मानाने क्षीण आणि असमान आहे. अभ्यास बहुतेक लहान आहेत आणि ठोक्यांची संख्या, दाब व खेपा सर्वत्र सारख्या नाहीत. म्हणून 'चार खेपांत हात पूर्ववत' असे आश्वासन कोणी दिले तर सावध व्हावे. शॉक वेव्हने काही आठवड्यांची सवलत मिळते. त्या काळात हात थोडा सैल राहतो, ताण देणे सोपे जाते आणि व्यायाम साधतो. हे आठवडे वाया गेले तर ताठरता परत येते आणि खर्च केलेला पैसाही जातो.

कोणी सावध राहावे?

उपचारानंतर त्वचा लाल होणे, किंचित सूज, दुखरेपणा किंवा काळे-निळे वण दिसू शकतात. ते बहुधा थोड्या दिवसांत जातात. काही रुग्णांबाबत मात्र आधी डॉक्टरांचा निर्णय हवा. पक्षाघातानंतर बहुतेक रुग्णांना रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतात. त्या गोळ्यांची यादी बरोबर न्यावी, आणि शॉक वेव्हसाठी त्या आपल्या मनाने कदापि बंद करू नयेत. रक्त न गोठण्याचा विकार, त्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, उपचाराच्या जागी गाठ, कर्करोग किंवा जंतुसंसर्ग, तसेच गर्भारपण असल्यास हा उपचार टाळला जातो. पेसमेकर असल्यास तसे आवर्जून सांगावे.

आणखी एक बारकावा आहे. पायाची ताठरता काही रुग्णांना उभे राहण्यास आधारही देत असते. ती फार सैल केली तर गुडघा दगा देतो आणि रुग्ण पडतो. म्हणून पायाबाबतचा निर्णय रुग्णाला प्रत्यक्ष चालवून पाहूनच घेतला जावा.

ताठरता एकाएकी वाढली तर तडक यंत्राकडे धावण्याआधी शरीरात दुसरे काही दुखते-खुपते आहे का ते पाहावे. मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ, अंथरुणाला खिळल्याने पडलेली जखम, आत रुतलेले नख, घट्ट बसलेला स्प्लिंट यांपैकी काहीही ताठरता वाढवू शकते. मूळ दूर केले की ती पुष्कळदा आपोआप उतरते.

इतर उपचार आणि आपले व्रतनियम

शॉक वेव्ह हा एकमेव मार्ग नव्हे. एखाद्या ठरावीक स्नायूच्या ताठरतेसाठी बोटुलिनमच्या इंजेक्शनचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. अमेरिकन स्ट्रोक असोसिएशनच्या २०१६ सालच्या मार्गदर्शक सूचनांत त्याची ठाम शिफारस आहे. त्याचा गुण साधारण तीन महिने राहतो आणि खर्चही बराच येतो. हे औषध जिवाणूपासून मिळणारे प्रथिन असून अनेक तयार औषधांत मानवी रक्तातील अल्ब्युमिन मिसळलेले असते. औषधातील घटकांविषयी ज्यांना विचार करावासा वाटतो त्यांनी तो आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावा. शॉक वेव्हमध्ये शरीरात काहीच टोचले जात नसल्याने हा प्रश्न उद्भवत नाही.

सर्वांगाच्या ताठरतेसाठी बॅक्लोफेनसारख्या गोळ्या देतात. त्यांनी झोप आणि अशक्तपणा येऊ शकतो. येथे आपल्या घरांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. बॅक्लोफेन एकाएकी थांबविणे धोक्याचे आहे. त्याने ताठरता उसळते, भ्रम होतो, फिटही येऊ शकते. चौविहार पाळणाऱ्या रुग्णाने आपल्या भोजनाच्या आणि पाण्याच्या वेळा डॉक्टरांना प्रथमच सांगाव्यात, म्हणजे गोळ्यांचे वेळापत्रक त्याप्रमाणे बसविता येते का ते पाहता येईल. पर्युषणात उपवासाची भावना उत्कट असते. परंतु पक्षाघात झालेल्या माणसाचे पाणी तुटणे आणि गोळ्या चुकणे या दोन्ही गोष्टी घातक ठरू शकतात. पच्चक्खाणात 'आगार' सांगितलेले आहेत. रुग्णाची अवस्था गुरुमहाराजांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही सांगून मगच निर्णय घ्यावा.

यंत्र बंद झाल्यावर

उपचार काही मिनिटांचा असतो. आठवड्याचे उरलेले सगळे तास रुग्ण घरी असतो आणि खरी कमाई तेथेच व्हायची असते.

फिजिओथेरपिस्टकडून दोन-तीन साधे ताण नीट शिकून घ्यावेत. बोटे आणि मनगट सावकाश उघडावे, झटका देऊ नये, उघडलेल्या अवस्थेत वीस-तीस सेकंद धरावे आणि दिवसातून दोन-तीन वेळा हे करावे. रुग्णाला उठविताना बाधित हात धरून कधीही ओढू नये. पक्षाघातानंतर खांद्याचा सांधा दुबळा झालेला असतो आणि त्या ओढीने तो निखळू शकतो. स्प्लिंट दिला असेल तर सांगितलेल्या वेळेपुरताच घालावा आणि काढल्यावर त्वचेवर वळ उठला आहे का ते पाहावे.

व्यायामाला रोजच्या कामाची जोड दिली तर रुग्ण कंटाळत नाही. चांगल्या हाताने हिशेब लिहिताना बाधित हात वहीच्या पानावर पसरून ठेवावा. निवडलेली डाळ दोन्ही हातांनी सरकवावी, टेबल फडक्याने पुसावे, नाणी मोजून डबीत टाकावीत. पूर्वीसारखी सही जमली नाही तरी कागद धरून ठेवणारा हात हाही कामाचा हात आहे.

ध्येय आधीच ठरवावे, आणि ते लहान व पाहता येईल असे असावे. तळवा स्वच्छ धुता यावा, बाही एकट्याने चढविता यावी, नमस्कारासाठी दोन्ही तळवे एकमेकांना टेकावेत, नवकारवाळीचा एक एक मणी अंगठ्याने पुढे सरकावा. ज्या रुग्णाचे बोट हलतच नाही त्याच्यासाठी स्वच्छ, कोरडा, न दुखणारा तळवा हे ध्येयही पुरेसे मोलाचे आहे.

या सेवेचा सारा भार बहुधा घरातील सुनेवर किंवा पत्नीवर पडतो. दुकानाचे शटर सकाळी दहाला उघडायचे असले तरी त्याआधीची वीस मिनिटे मुलांनी वडिलांच्या हाताला द्यावीत. वैयावच्च हे आपल्याकडे अंतरंग तप मानले आहे. ते एका व्यक्तीच्या वाट्याला टाकून बाकीच्यांनी मोकळे होणे बरे नव्हे.

मुंबईत कोठे विचारावे?

माहीमकरांच्या हाताशी हिंदुजा आणि रहेजा ही मोठी रुग्णालये आहेत. हाजीअलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था ही केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून पुनर्वसनाचेच काम करीत आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी १९५०च्या दशकाच्या आरंभीपासूनची फिजिओथेरपीची शाळा जोडलेली आहे. ती देशातील अगदी आद्य शाळांपैकी होय. शॉक वेव्हचे यंत्र कोठे आहे हे विचारण्याआधी रुग्णाला एकदा न्यूरॉलॉजिस्ट किंवा पुनर्वसनतज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासून घेणे श्रेयस्कर. यंत्र ज्याच्याकडे आहे त्याला प्रत्येक दुखण्यावर यंत्रच सुचण्याचा संभव असतो.

पैसे भरण्यापूर्वी काही प्रश्न शांतपणे विचारावेत. आमच्या रुग्णाची ताठरता मोजपट्टीवर किती आहे? सांधा जखडला आहे की अजून उघडतो? यंत्र फोकस्ड आहे की रेडियल? किती खेपा, एका खेपेचे किती, आणि दोन खेपांनंतर गुण न दिसल्यास उरलेले पैसे परत मिळतील का? उपचारानंतरचा व्यायाम कोण शिकविणार? दहा-वीस खेपांचे पॅकेज आगाऊ विकणाऱ्यापेक्षा एक-दोन खेपांनंतर पुन्हा मोजून पुढचे ठरविणारा अधिक विश्वासार्ह. उपचारापूर्वी मोबाइलवर हाताचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण करून ठेवावे आणि चार आठवड्यांनी तसेच पुन्हा करावे. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की फरक किती पडला ते घरच्या सर्वांना दिसेल.

शेवटी एक सूचना, जी या सर्व उपचारांच्या आधी येते. चेहरा एका बाजूला ओढला जाणे, हात उचलता न येणे, बोबडे बोलणे किंवा तोल जाणे यांपैकी एकही लक्षण एकाएकी दिसले तर तेल चोळण्यात किंवा कोणाचा सल्ला घेण्यात वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. लक्षण नेमके किती वाजता सुरू झाले ते लिहून रुग्णालयात सांगावे. रक्तदाब आणि मधुमेह ताब्यात ठेवणाऱ्या गोळ्या नियमाने घेतल्या, तंबाखू सोडली, तर पुष्कळ घरांवर हात मोकळा करण्याच्या खटाटोपाची वेळच येणार नाही. ज्यांच्यावर ती आली आहे, त्यांना धीर, योग्य सल्ला आणि घरच्यांचे हात लाभोत.